नातवाची हजेरी

आमच्या कुडव्याहून गोंदिया स्टेशन हाकेच्या अंतरावर. तिथून पूर्वी छोटी लाइन जबलपूरला जायची. लहानपणी खोटे बोलताना पकडलो की वडीलधारी विचारत, "जबलपूरचा ठग आहेस का रे?" आम्ही हसायचो. ठगांची मुले-नातवंडे खरोखरच जबलपुरात वाढली, हे पुष्कळ उशिरा वाचनात आले.

1830 च्या अखेरीस फिरंगिया हा नावाजलेला ठग विल्यम स्लीमनच्या हाती लागला. त्याआधी स्लीमनने त्याची आई, बायको आणि मूल ताब्यात घेतले होते. हा माणूस घरच्यांपासून फार दूर जाणार नाही, असा त्याचा हिशेब होता, आणि तो बरोबर ठरला. फिरंगिया माफीचा साक्षीदार झाला. त्याच्यासारख्यांच्या जबान्यांवर अनेक जण फासावर चढले. ठगीचा पसारा स्लीमन सांगतो तेवढा होता का, याबद्दल आजचे इतिहासकार शंका घेतात. पण रुमालाने गळा आवळून वाटसरू मारले गेले, हे खोटे नव्हे. त्यांचीही घरे होती, हे विसरून चालणार नाही.

साक्षीदारांचा फास टळला, सुटका मात्र झाली नाही. त्यांना जबलपुरात ठेवले, बायकामुले शेजारी वसवली. 1837 च्या सुमारास तिथे उद्योगशाळा निघाली. बाप आणि मुलगे तंबू शिवू लागले, सतरंज्या विणू लागले. मालाला चांगले नाव मिळाले. पण ज्या पोराने रुमाल हाती धरला नव्हता, तोही पहाऱ्यातच मोठा झाला.

इकडे स्लीमनच्या नातवाने 1933 मध्ये आजोबांच्या पराक्रमावर पुस्तक लिहिले. आजोबा दोघांनाही मिळाले; वारसा मात्र निराळा!

पुढे 1871 मध्ये सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असे हे तर्कशास्त्र. जमातीच्या जमाती नोंदल्या गेल्या. पोलिसांकडे हजेरी आली, गाव सोडायला परवाना आला. 1897 च्या दुरुस्तीने तर मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारवसाहतीत ठेवण्याची सोय केली. सोलापुरात अशी वसाहत काटेरी तारांच्या कुंपणात होती.

स्वातंत्र्यानंतरही हे लगेच संपले नाही. 31 ऑगस्ट 1952 रोजी या जमाती विमुक्त झाल्या. 1871 मध्ये ज्यांची नोंद झाली, त्यांच्या नातवंडांनाही तोवर नातवंडे झाली होती.