एकाच जिल्ह्यात पेट्रोलचा भाव वेगवेगळा का? भाव पंपवाला ठरवतो का? वाचा सविस्तर

परभणी : सकाळी मानवतला गाडीत पेट्रोल टाकले आणि दुपारी गंगाखेडच्या पंपावरचा आकडा पाहिला, तर थोडाफार फरक दिसतो. कधी कधी तर एकाच रस्त्यावर समोरासमोरच्या दोन पंपांवरही काही पैसे इकडे-तिकडे असतात. मग पारावर चर्चा सुरू होते, "हा पंपवाला लुटायलाय!" खरं तर भावाच्या बाबतीत हा आरोप बहुतेक वेळा चुकीचा असतो. मापाची गोष्ट वेगळी, ती पुढे येईलच.

इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या तिन्ही सरकारी कंपन्या प्रत्येक पंपाचा भाव स्वतः ठरवतात. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी ६ वाजता नवा भाव लागू होतो. बदल नसेल तर कालचाच भाव पुढे चालतो. पंपचालकाला लिटरमागे ठरलेले कमिशन मिळते, त्याला मनाने भाव वाढवता येत नाही.

मग फरक येतो कुठून? मुख्य कारण टँकरचे भाडे. मुंबईच्या रिफायनरीतून मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोपर्यंत तेल पाइपलाइनने येते, ते स्वस्त पडते. पण मनमाड ते परभणी हे सुमारे ३०० किलोमीटर टँकरला रस्त्याने यावे लागते. मनमाडहून येताना सेलू, मानवत अलीकडे लागते, गंगाखेड, पालम पलीकडे. जितका पंप लांब, तितके भाडे जास्त. समजा १२ हजार लिटरच्या टँकरला १२ हजार रुपये भाडे पडले, तर लिटरमागे १ रुपया झाला. परभणीचे नाव महाग पेट्रोलच्या बातम्यांत सारखे येते ते यामुळेच. २०२१ मध्ये राज्यात सर्वात आधी शंभरी गाठणाऱ्या शहरांत परभणी होतीच.

यात आणखी एक मेख आहे. राज्याचा व्हॅट टक्केवारीने लागतो आणि तो भाड्यावरही बसतो. सध्या पेट्रोलवर २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे असा कर आहे. म्हणजे १ रुपया भाडे ग्राहकाला सव्वा रुपयाला पडते. लांबच्या गावाने भाडेही जास्त द्यायचे आणि करही. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत आधी २६ टक्के व्हॅट होता, १ जुलै २०२४ पासून तोही २५ टक्के झाला. टक्केवारी सगळ्या राज्यात सारखी, तरी मुंबईत पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त, कारण रिफायनरी त्यांच्या दारात आहे. पेट्रोल जीएसटीत नसल्याने दुसऱ्या राज्यात गेले की करच बदलतो. नवापूर भागातले लोक गुजरातेत जाऊन टाकी भरतात ते उगाच नाही.

समोरासमोरच्या पंपांचे काय? दोन वेगळ्या कंपन्या असतील तर त्यांचे डेपो वेगळे, हिशोब वेगळा. खासगी कंपन्यांचे पंप तर आपला भाव वेगळाच लावू शकतात. २०२२ मध्ये खासगी पंप सरकारीपेक्षा महाग होते, २०२३ मध्ये नायराने उलट रुपयाने स्वस्त विकले. अजून एक पाहा: एक्सपी ९५, स्पीड, पॉवर हे प्रीमियम पेट्रोल साध्यापेक्षा काही रुपयांनी महाग असते. न विचारता तेच भरले आणि नंतर बिल पाहून वाद झाला, असे बऱ्याचदा होते. नोझल लावण्याआधीच "साधं टाका" म्हणावे.

पंपाचा भाव खरा आहे का ते मोबाइलवर कळते. पंपावर डीलर कोड लिहिलेला असतो. इंडियन ऑइलसाठी इंग्रजीत आरएसपी, जागा सोडून तो कोड लिहून ९२२४९९२२४९ वर, भारत पेट्रोलियमसाठी तसाच मेसेज ९२२३११२२२२ वर पाठवायचा. हिंदुस्थान पेट्रोलियमला आरएसपीऐवजी एचपीप्राइस हा शब्द इंग्रजीत जोडून लिहून ९२२२२०११२२ वर. कंपन्यांच्या ॲपवरही भाव दिसतो.

स्वस्त पंप शोधत फिरण्याआधी मात्र हिशोब करा. दहा लिटरवर लिटरमागे ६० पैसे वाचले तर ६ रुपये होतात. त्यासाठी १२ किलोमीटर लांब जाऊन परत आलात, आणि गाडी ५० चे ॲव्हरेज देते, तर जवळपास अर्धा लिटर पेट्रोल, म्हणजे ५० रुपये गेले.

खरा तोटा होतो तो मापात. प्रत्येक पंपावर ५ लिटरचे शिक्का मारलेले माप ठेवावेच लागते आणि ग्राहकाने मागितले तर मोजून दाखवावे लागते. ५ लिटरमागे २५ मिलीपर्यंतची तूट चालते, त्यापेक्षा जास्त असेल तर वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते. आकडा शून्यावर आहे ना, हे तर प्रत्येकाने पाहायलाच हवे.

आणि गावातल्या दुकानात बाटलीत मिळणारे पेट्रोल? अडीनडीला लोक जास्त पैसे देऊन घेतात. त्याला ना कंपनीचा भाव लागू, ना मापाची खात्री, ना भेसळीची. विनापरवाना अशी विक्री बेकायदाही आहे, आणि दुकानात आग लागली तर शेजारची घरेही जातात.