सदलग्याची आई

माझी लेक संघात ब्रह्मचारिणी आहे. भेटायला गेले की घरच्या बातम्या ओठावर येतात. पण जिनं घर सोडलं, तिला घरचं सांगावं का?

तेव्हा सदलग्याच्या श्रीमंतीबाई अष्टगे आठवतात. त्यांचे विद्याधर ३० जून १९६८ रोजी अजमेरला मुनी विद्यासागर झाले. पुढे अनंतनाथ, शांतिनाथ हे धाकटेही त्याच वाटेनं गेले. पती मल्लाप्पा मुनी मल्लिसागर आणि त्या स्वतः आर्यिका समयमती झाल्या. निरोप धाडण्याऐवजी आईच निघाली!

माझ्यानं तेवढं होत नाही. मी हात जोडते, “सगळे बरे आहेत,” एवढंच म्हणते. परवा उठताना तिनंच हळूच विचारलं, “आई, म्हैस व्याली का गं?”