नांदूर मधमेश्वर : बंधारा, गाळ आणि अभयारण्य

भडगावावरून वाहणारी गिरणा आणि निफाड तालुक्यातील गोदावरी या दोन्ही नद्या नाशिककडील सह्याद्रीतच उगम पावतात. मधली सातमाळ्याची रांग तेवढी त्यांचे पाणी वाटून देते. खानदेशातील अभ्यासकास नांदूर मधमेश्वर म्हणूनच परके वाटू नये.

गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी येथे बंधारा घालण्यात आला, तो पक्ष्यांसाठी नव्हे. कोपरगाव-राहात्याकडील अवर्षणग्रस्त मुलखास कालव्यांनी पाणी पोचवावे, एवढाच त्यामागील हेतू होता. पुढे नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचू लागला. साठवण घटली, हे स्थापत्याच्या दृष्टीने नुकसानच होय. परंतु त्याच गाळाने उथळ पाणी, बेटे आणि लव्हाळी निर्माण केली. चोचीने पाणी गाळून खाणारा हिवाळी पाहुणा थापट्या, दलदलीत भक्ष्य शोधणारी शराटी, हळदीकुंकू बदक यांना हवे ते येथे आयतेच मिळाले. खोल, स्वच्छ जलाशयाने त्यांना एवढे खचितच दिले नसते. १९८६ मध्ये शासनाने अभयारण्य घोषित केले, ते घडून गेलेल्या गोष्टीवर उमटवलेली मोहोर होती, असे म्हणावे लागते.

'अभयारण्य' हा शब्द मात्र येथे अडखळतो, कारण पक्ष्यांची मुख्य वस्ती पाण्यावर आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'अभयवन' आहे. तेथील मृग, पशू, पक्षी व मत्स्य यांना धरणाऱ्यास वा मारणाऱ्यास सूनाध्यक्षाने, म्हणजे खाटिकखान्यावरील अधिकाऱ्याने, उत्तम दंड करावा, असे त्यात सांगितले आहे. शिवाय अमरकोशात जलाच्या पर्यायांत 'वन' येतो. 'अरण्या'स तो अर्थ नाही. जुना शब्द येथे अधिक शोभला असता.

जून २०१९ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून या स्थळाची नोंद झाली. महाराष्ट्रातील ही पहिलीच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वरच्या बाजूस चांदोरी-सायखेडा पुराच्या पाण्यात बुडाले. गाळ काढा, ही काठच्या गावांची मागणी आहे, आणि ज्यांच्या घरात पाणी शिरते त्यांना बदकांच्या सोयी सांगत बसणे प्रशस्त नव्हे. तथापि सगळा गाळ उपसला तर पक्ष्यांचा आसरा जाईल. मुख्य प्रवाह अडविणारा गाळ आणि काठावरील उथळ दलदल यांत भेद करूनच हा प्रश्न सोडवावा लागेल. सरसकट 'गाळ' म्हणून दोहोंची एकाच मापाने मोजणी करणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही.