नवापूरचे वर्तुळ आणि जगाचा बाजार



जुईनगरला आम्ही राहतो तेथून शीव-पनवेलचा हमरस्ता फार दूर नाही. न्हावा-शेव्याच्या बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरांची रांग तेथे रात्रंदिवस चाललेली असते. सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात अंडी आणावयास गेले म्हणजे दुकानदार भाव सांगतो आणि आपण थोडे कुरकुरून पैसे मोजतो. त्या अंड्याचा व त्या कंटेनरांचा काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो संबंध आहे, आणि तो एका शेतकऱ्याच्या अंगणातून जातो, हे आज आपणांस सांगावयाचे आहे.

या कथेचा आरंभ शंभर वर्षांपूर्वीचा आहे. १९२० साली हिंदुस्थानातून ब्राझीलकडे निघालेली वशिंडाची गुरे वाटेत बेल्जमच्या अँटवर्प बंदरात उतरविण्यात आली. त्यांच्याबरोबर बुळकांडीचा रोगही उतरला आणि तो तेथील गोठ्यांत शिरला. युरोपातील सरकारे हादरली. एका देशातील रोग लपून राहिला तर दुसऱ्या देशातील गोठे ओस पडतात, हा धडा त्यांना मिळाला. त्यातूनच २५ जानेवारी १९२४ रोजी २८ राष्ट्रांनी पॅरिस येथे पशुरोगांसाठी एक जागतिक संस्था स्थापन केली. आपल्याकडे कोणता रोग उद्भवला हे प्रत्येकाने तिला कळवावे आणि तिने ते सर्वांना कळवावे, हे तिचे मुख्य काम. पुढे १९९५ साली जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली, तेव्हा पशुरोगांच्या बाबतीत याच संस्थेचे नियम प्रमाण मानावयाचे ठरले. म्हणजे आपल्याच गुरांच्या निमित्ताने जन्मास आलेल्या संस्थेचे नियम पुढे आपल्यालाच लागू व्हावयाचे होते.

आता २००६ सालाकडे वळू. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हे गाव महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या अगदी सीमेवर आहे. इतके की, तेथील रेल्वे स्थानकातूनच दोन राज्यांची हद्द जाते. गावाच्या आसपास कोंबड्यांची मोठमोठी शेडे उभी होती, आणि भोवतालच्या आदिवासी पाड्यांत घरोघर चारदोन कोंबड्या होत्याच. कोंबड्या मरू लागल्या तेव्हा हा नेहमीचा राणीखेत रोग असावा, असे पुष्कळांना वाटले. परंतु १८ फेब्रुवारी रोजी भोपाळच्या प्रयोगशाळेचा निर्णय जाहीर झाला, आणि हिंदुस्थानात बर्ड फ्लू प्रथमच अवतरल्याचे सर्वांना कळले.

रोगाच्या जागेभोवती वर्तुळे आखण्यात आली. आतल्या वर्तुळातील प्रत्येक पक्षी मारून पुरावयाचा आणि बाहेरच्या, दहा किलोमीटरच्या वर्तुळात कडक नजर ठेवावयाची, असा तो विधी असतो. पांढऱ्या पोशाखातील माणसे शेडांतून फिरली, पाड्यांतूनही फिरली. रोगाला राज्यांची हद्द ठाऊक नसल्याने गुजरातेतील उच्छल तालुक्यासही झळ पोहोचली, आणि पुढे जळगाव जिल्हाही त्यात सापडला. ही साथ आटोक्यात येईपर्यंत या भागांत सुमारे दहा लाख पक्षी नष्ट करावे लागले.

वर्तुळाच्या आत जे गेले ते सर्वांना दिसले. वर्तुळाच्या बाहेर जे गेले त्याची मोजदाद कोणी केली नाही. देशभर लोकांनी कोंबडी व अंडी खाणे सोडले, आणि रोगाचा वाराही न लागलेल्या जिल्ह्यांत भाव कोसळले. कोंबडीचे खाद्य म्हणजे मुख्यत्वे मका आणि सोयाबीन; तेव्हा ज्याने आयुष्यात कोंबडी पाळली नाही अशा मकेकऱ्यासही घाव बसला. नवापुराहून हजार किलोमीटरहून अधिक दूर असलेले तामिळनाडूतील नामक्कल हे अंड्यांच्या निर्यातीचे मोठे केंद्र आहे. परदेशांनी दारे लावली ती नवापुरास नव्हे, सबंध हिंदुस्थानास लावली, आणि नामक्कलची अंडी जागच्या जागी पडून राहिली. घरात आपण वर्तुळ आखले. जगाने मात्र आपला सगळा नकाशाच रंगवून टाकला.

हा अन्याय आपणांस झोंबला असता तर नवल नव्हते. परंतु पुढील वर्षी, २००७ साली, आपल्या सरकारने काय केले ते पाहा. ज्या देशात बर्ड फ्लू आढळेल त्या सबंध देशातून कोंबडीचे मांस, अंडी इत्यादी आणण्यास मनाई करण्यात आली, आणि त्या रोगाचा सौम्य प्रकार आढळला तरीही तीच मनाई. यात अमेरिकाही सापडली. अमेरिकन ग्राहकाला कोंबडीच्या छातीचे मांस अधिक प्रिय. तंगड्या तेथे स्वस्त पडतात आणि त्या जगभर विकावयाच्या असतात. त्या स्वस्त तंगड्या येथील बाजारात येऊन पडल्या तर आपल्या पाळणाऱ्याचे काय होईल, ही भीतीही येथे होती आणि ती निराधार नव्हती. परंतु त्या भीतीवरचा उपाय म्हणजे जकात. आणि तंगड्यांवर शंभर टक्के जकात होतीच. रोगाचे नाव पुढे करून बाजाराचे रक्षण केले की दोन्ही गोष्टींची विश्वासार्हता जाते.

मार्च २०१२ मध्ये अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. ऑक्टोबर २०१४ मध्ये निर्णय आपल्या विरुद्ध गेला, आणि ४ जून २०१५ रोजी अपिलातही तोच कायम झाला. त्यातील मर्म साधे होते. घरात रोग झाला तर तुम्ही दहा किलोमीटरचे वर्तुळ आखता आणि बाकीचा देश मोकळा ठेवता. मग दुसऱ्याच्या घरी रोग झाला तर त्याचा अख्खा देश का बंद करता? या मनाईस धोक्याच्या शास्त्रीय मोजमापाचा आधार नाही, असेही न्यायकर्त्यांनी म्हटले. नामक्कलसाठी आपण जे मागावयास हवे होते, तेच आपण दुसऱ्यास नाकारले होते.

दैवाचा खेळ असा की, हा निकाल लागत होता त्याच महिन्यांत अमेरिकेत बर्ड फ्लूने थैमान मांडले होते. आयोवा, मिनेसोटा इत्यादी राज्यांत मिळून सुमारे पाच कोटी पक्षी मेले किंवा मारावे लागले. चीनने २०१५ च्या आरंभीच सबंध अमेरिकेच्या कोंबडीवर बंदी घातली, आणि ती उठावयास २०१९ चा नोव्हेंबर उजाडला. वादी म्हणून जिंकलेल्या देशाच्या शेतकऱ्यासही वर्तुळाऐवजी नकाशा रंगविला जाण्याचे दुःख भोगावे लागले. अखेरीस सप्टेंबर २०२३ मध्ये दोन्ही सरकारांनी हा वाद आपसांत मिटविला. हिंदुस्थानाने गोठविलेले टर्की व बदक आणि ब्लूबेरी, क्रॅनबेरी यांसारखी फळे यांवरील जकात कमी केली. नवापूरच्या पाड्यावरील बाईला या फळांची नावेही ठाऊक नसतील. पण तिच्या कोंबड्यांपासून निघालेला धागा तेथपर्यंत पोहोचला.

या सर्व इतिहासातून काय घ्यावयाचे? माझ्या मते एकच गोष्ट. जिनीव्हातील न्यायमंडळ असो की पॅरिसमधील संस्था असो, या सर्व इमारतीचा पाया एका माणसाच्या तोंडी खबरीवर आहे: "माझ्या कोंबड्या मरत आहेत." ती खबर लवकर आली तर वर्तुळ लहान राहते, आणि वर्तुळ लहान राहिले तरच जगापुढे आपण ताठ मानेने सांगू शकतो की, आमचा बाकीचा देश निरोगी आहे. परंतु ही खबर देणाऱ्यास काय मिळते? भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची. त्याआधीच रोगाने मेले त्यांची नाही. पुढे कित्येक महिने शेड रिकामे राहते त्याची नाही आणि बाजार कोसळला त्याचीही नाही. अशा स्थितीत दोन दिवस गप्प राहण्याचा मोह कोणाला होणार नाही? प्रामाणिकपणा हा ज्याला सर्वांत महाग पडतो, त्याच्याच प्रामाणिकपणावर आपण सगळा व्यापार उभा केला आहे.

खबर, औषध आणि पैसा यांची सांगड घातली तर काय साधते याचे उदाहरणही आपल्याजवळ आहे. गुरांच्या रोगांची पहिली सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यास निघाली आणि १८९३ साली कुमाऊँतील मुक्तेश्वरास गेली. तेथून सुरू झालेल्या पिढ्यान् पिढ्यांच्या कष्टांनी हिंदुस्थान बुळकांडीमुक्त असल्याची जागतिक मान्यता मिळाली ती २००६ सालीच, म्हणजे नवापूरच्याच वर्षी. २०११ साली तर तो रोग पृथ्वीवरूनच नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. अँटवर्पला ज्याने युरोपची झोप उडविली होती, तो बुळकांडी आता केवळ इतिहासात उरला आहे. बर्ड फ्लूचे तसे नाही. तो रानपक्ष्यांबरोबर उडतो. २०२१ च्या फेब्रुवारीत तो पुन्हा नवापुरास आला, आणि पुन्हा शेडे रिकामी झाली.

तेव्हा उद्या सकाळी अंड्यांचा भाव ऐकताना एवढे स्मरणात असू द्यावे की, त्या भावात कोठेतरी एका माणसाने वेळेवर दिलेली खबर धरलेली आहे. तिची किंमत आज तो एकटाच देतो. ती आपण सर्वांनी मिळून द्यावयास नको काय, हा प्रश्न आपल्या विचारासाठी ठेवून मी आपली रजा घेतो.