एकच छिद्र, दोन स्मृती : फिल्म आणि डिजिटल पिनहोल छायाचित्रण

१/ २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी नांदेड-लातूर परिसरातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार होते. अशा वेळी आभाळ मोकळे असेल, तर कडुनिंबाखालच्या जमिनीवर असंख्य चंद्रकोरी उमटतात. पानांमधली प्रत्येक बारीक फट सूर्याची प्रतिमा खाली टाकत असते. शाळेत शिकलेला सूचिछिद्र कॅमेरा तो हाच. 🧵

२/ अकराव्या शतकात इब्न अल-हैथमने छिद्रातून उमटणाऱ्या ग्रहणाच्या प्रतिमेचा अभ्यास केला. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरातील अंधाऱ्या दालनात गोपुराची उलटी प्रतिमा आजही भिंतीवर पडते. मात्र प्रकाश गेला की प्रतिमाही जाते. ती टिकवायची कशी, हा खरा प्रश्न होता.

३/ नांदेडच्या सचखंड गुरुद्वाराची वास्तू १८३७ मध्ये पूर्ण झाली आणि १८३९ मध्ये पॅरिसला दागेरची छायाचित्रणपद्धती जाहीर झाली. पुढे १८८० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी इजिप्तमध्ये पिनहोल कॅमेरा वापरला. भिंग नसलेली पेटीही इतिहासाची साक्षीदार होऊ शकते, हे त्यातून दिसले.

४/ फिल्मवर आणि सेन्सरवर ही साक्ष वेगवेगळी नोंदली जाते. कंधारच्या किल्ल्यासमोर भर दुपारी उभे आहोत असे समजा. छिद्र ०.३ मिमीचे आणि अंतर ५० मिमी. १०० आयएसओ ठेवलेल्या डिजिटल कॅमेऱ्याला साधारण एक सेकंद पुरतो. पेटीत छायाचित्रणाचा कागद लावला, तर पंधरा-वीस सेकंद लागतात.

५/ अंधारात हे अंतर वाढत जाते. खरोसा लेण्यांच्या आत गणिताने पाच मिनिटे आली, तर फिल्मला वीस-पंचवीस मिनिटे लागू शकतात, कारण मंद प्रकाशात रसायनाचा प्रतिसाद क्षीण होत जातो. सेन्सरचे असे होत नाही. पण दीर्घकाळ चालू राहिल्याने तो तापतो आणि चित्रात खोटे ठिपके उमटतात. लातूरचा उन्हाळा त्यात भर घालतो.

६/ मग स्पष्टता कुणाची अधिक? येथे मेगापिक्सेल उपयोगी पडत नाहीत. पिनहोलमध्ये प्रत्येक बिंदू जवळजवळ छिद्राएवढा पसरतो. २४ मिमी रुंद सेन्सरवर ०.३ मिमीचे असे ८० च ठिपके मावतात. १२० मिमी रुंद कागदावर, छिद्र ०.४५ मिमीचे घेतले तरी, सुमारे २७० मावतात. म्हणून पत्र्याच्या डब्यातला कागद महागड्या कॅमेऱ्यावर मात करतो.

७/ डिजिटलचे गुणही मोठे आहेत. चित्र तत्काळ दिसते, चूक लगेच सुधारता येते आणि शंभर प्रयत्नांना वेगळा खर्च नाही. फिल्मवर प्रत्येक चूक पैसे घेऊनच शिकवते.

८/ इतिहासाच्या दृष्टीने मुख्य भेद मात्र पुढे आहे. फिल्मवर प्रकाश स्वतः एक वस्तू घडवतो. छिद्रातून आलेला किरण ज्या पृष्ठभागावर पडला, तोच पृष्ठभाग हातात राहतो. डिजिटलमध्ये उरतात आकडे. त्यांच्या हुबेहूब प्रती निघतात. पण त्या कुणी सांभाळल्या नाहीत, तर मागे काहीच उरत नाही.

९/ निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ भिंगाचा कॅमेरा वापरत. नांदेड-लातूरचा प्रदेश तेव्हा त्याच संस्थानात होता. त्यांच्या स्टुडिओच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. संस्थान १९४८ मध्ये संपले, काचा राहिल्या.

१०/ ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जुन्या गावाचे पुनर्वसन दुसऱ्या जागी झाले. तो काळ फिल्मचा होता. मोडलेल्या घरांची, आणि त्याआधीच्या लग्नांची, वाड्यांची, गल्ल्यांची निगेटिव्ह अजूनही कुणाच्या तरी ट्रंकेत असू शकते. गाव जिथे उभे होते, तिथला प्रकाश त्या पट्टीवर साठलेला आहे.

११/ म्हणून प्रयोग दोन्ही करा. डिजिटलवर वेळेचा अंदाज घ्या आणि मग तेच दृश्य कागदावर उतरवा. मागे पेन्सिलीने गाव, तारीख आणि छिद्राचे माप लिहा. घरातल्या जुन्या निगेटिव्ह कोरड्या जागी ठेवा, त्यांच्या डिजिटल प्रती करा. पण प्रत झाली म्हणून मूळ फेकू नका. छिद्र कुणालाही पाडता येते. आत आलेला प्रकाश जपून ठेवणे, हेच इतिहासाचे काम आहे.