सात शब्द

१७ ऑगस्ट १९४५, शुक्रवार. रमजानचा महिना चालू होता. सकाळी दहाच्या सुमारास जकार्त्यातल्या एका घरासमोर सुकार्नो यांनी इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याची घोषणा वाचली. शेजारी मोहम्मद हत्ता उभे होते. जपानने नुकतीच शरणागती पत्करली होती आणि डच परत यायच्या आत देश उभा करायचा होता. त्याच संध्याकाळी जपानी नौदलाचा एक अधिकारी हत्तांकडे आला. त्याने आणलेला निरोप पूर्वेकडच्या बेटांवरच्या ख्रिस्ती मंडळींचा होता. घटनेच्या प्रस्तावनेत ते सात शब्द राहणार असतील, तर आम्ही या देशात राहणार नाही.

हे सात शब्द कोणते? जूनमध्ये नऊ जणांच्या समितीने प्रस्तावनेचा मसुदा केला होता. तो 'जकार्ता सनद' म्हणून ओळखला जातो. नवातले आठ मुसलमान, एक ख्रिस्ती. राज्याचा पाया ईश्वरावरील श्रद्धा असेल, असं त्यात होतं. त्याला जोडून, इस्लामच्या अनुयायांवर शरीयत पाळण्याचं बंधन राहील, असं कलम होतं. मूळ भाषेत हे मोजून सात शब्द होतात.

वरवर पाहिलं तर यात इतरांनी घाबरावं असं काय होतं? बंधन मुसलमानांवर, तेही त्यांच्याच धर्माचं. हत्तांनीही आधी त्या अधिकाऱ्याला हेच सांगितलं. पण आक्षेप वेगळाच होता. जी घटना सगळ्यांची आहे, तिच्या पहिल्याच पानावर एका धर्माचं नाव आलं, की बाकीचे पाहुणे ठरतात. आपण भारतातल्या मुसलमानांना हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. इथे आपण त्याच बाकावर बसलेलो आहोत.

१८ तारखेला सकाळी, घटना मंजूर करायच्या बैठकीआधी, हत्तांनी मुस्लिम नेत्यांना बाजूला बोलावलं. सर्वांत ठाम होते मुहम्मदिया संघटनेचे प्रमुख की बागुस हादिकुसुमो. त्यांच्याच संघटनेतल्या कास्मान सिंगोदिमेजो यांनी त्यांची समजूत काढली. सात शब्द गेले. त्यांच्या जागी आलं 'एकमेव परमेश्वरावर श्रद्धा', आणि त्या इंडोनेशियन शब्दरचनेत आपल्या ओळखीचा 'महा' हा संस्कृत शब्द आहे! सगळं पंधरा मिनिटांच्या आत उरकलं, असं हत्तांनी पुढे लिहिलं. ही घटना घाईघाईतली आहे, नंतर सवडीने नीट करू, असं आश्वासन सुकार्नोंनी दिलं.

दहापैकी जवळपास नऊ माणसं मुसलमान असलेल्या देशात हे घडलं. इंडोनेशियाचं नाव निघालं की आपल्याकडे एक तर तिथल्या रामायणाच्या नृत्याचं कौतुक होतं, नाहीतर 'बघा, तिथले मुसलमान कसे शहाणे' म्हणून आपल्यालाच टोमणा मारला जातो. बहुसंख्याकांनी काय सोडलं, हे मात्र कुणी सांगत नाही.

असं सोडण्याची सवय तिथे आधीपासून होती. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी तरुणांच्या परिषदेने तीन गोष्टींची शपथ घेतली : एक मातृभूमी, एक राष्ट्र आणि एकतेची भाषा. सतरा हजारांहून जास्त बेटं, सातशेच्या आसपास भाषा. मग ही भाषा कोणती? माणसं मोजून ठरवायचं तर जावानीज. तिचं साहित्य जुनं, बोलणारे चाळीस टक्क्यांहून अधिक. पण निवड झाली मलय भाषेची. ती घरात बोलणारे थोडे होते, पण बंदराबंदरांतल्या बाजारात ती सगळ्यांना येत होती. शिवाय जावानीजमध्ये समोरच्याचा दर्जा पाहून शब्दच बदलावे लागतात. मलय त्या मानाने मोकळी. आणि जावाच्या लोकांनी ही निवड स्वीकारली.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना मला इथे ढाका आठवल्याशिवाय राहत नाही. पाकिस्तानही एका अर्थी दोन बेटांचाच देश होता, फक्त मध्ये समुद्राऐवजी भारत होता. तिथेही उर्दू मातृभाषा असलेले थोडेच होते, मलयसारखेच. मग मलयने जोडलं आणि उर्दूने का तोडलं? इंडोनेशियात सर्वांत मोठ्या गटाने आपली भाषा आपणहून मागे घेतली. पाकिस्तानात निम्म्याहून अधिक लोक बंगाली बोलत होते आणि त्यांना वरून सांगण्यात आलं की राष्ट्रभाषा उर्दूच. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. दोष उर्दूचा नव्हता, पण बदनाम तीच झाली.

इंडोनेशियाची गोष्ट मात्र इतकी गोड नाही. सवडीने घटना करायचं आश्वासन पुरं झालं नाही. निवडून आलेल्या घटना परिषदेत राज्याच्या पायावरून कोंडी झाली आणि १९५९ मध्ये सुकार्नोंनी ती बरखास्त केली. की बागुस १९५४ मध्येच वारले होते. पश्चिम जावात कार्तोसुविर्यो यांनी १९४९ मध्ये इस्लामी राज्य घोषित करून बंड केलं. ते १९६२ पर्यंत चाललं.

आणि जिथे जकार्त्याने काहीच सोडलं नाही, तिथे रक्त सांडलं. सुहार्तोंच्या काळात सगळा कारभार आणि नैसर्गिक संपत्तीचा पैसा राजधानीकडे वाहू लागला. आचेत वायू सापडला, पण आचेवासीयांच्या वाट्याला लष्कर आलं. गंमत बघा, आचे म्हणजे देशातला सर्वांत कडवा मुस्लिम प्रांत. धर्म एक असूनही तो १९७६ पासून जवळपास तीस वर्षं फुटून निघण्यासाठी लढत होता. पूर्व तिमोर १९७५ मध्ये सैन्य घालून घेतला होता. १९९९ च्या सार्वमतात तिथल्या ७८ टक्क्यांहून अधिक लोकांनी बाहेर पडायचा कौल दिला.

त्यानंतर मात्र नियमच बदलले. २००१ पासून अधिकार आणि पैसा खाली गेला, तोही मुख्यतः जिल्ह्यांकडे. प्रांत बलवान झाले तर फुटतील ही भीती होती, जिल्हा एवढा मोठा नसतो. दोनहून अधिक उमेदवार असले, तर पहिल्याच फेरीत राष्ट्राध्यक्ष व्हायला एकूण निम्म्याहून जास्त मतं तर हवीतच, शिवाय निम्म्याहून अधिक प्रांतांत किमान वीस टक्के हवीत. म्हणजे एकट्या जावाच्या मतांवर त्या फेरीत गादी मिळत नाही.

आचेशी १५ ऑगस्ट २००५ रोजी हेलसिंकीत करार झाला. त्याआधी त्सुनामीने तो किनारा धुऊन नेला होता. आता आचेला स्वतःचे स्थानिक पक्ष आहेत, तेल-वायूच्या उत्पन्नाचा मोठा वाटा आहे आणि शरीयतचे कायदेही आहेत. तिथल्या जाहीर फटक्यांच्या शिक्षा मला पटत नाहीत. पण देशाने जे सात शब्द गाळले, ते एका प्रांतात असे परत आले.

राष्ट्रीय पातळीवर ते परत आणायचा प्रयत्न २००२ मध्ये झाला. काही इस्लामी पक्षांनी घटनादुरुस्ती मागितली. ती फेटाळली गेली, आणि विरोधात नहदलतुल उलेमा आणि मुहम्मदिया या देशातल्या दोन सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटनांचे नेते होते. यातली दुसरी म्हणजे की बागुस यांचीच.

पापुआचा प्रश्न अजून तसाच आहे. १९६९ मध्ये तिथे 'मुक्त निवड' झाली, तेव्हा लाखोंच्या वतीने निवडून बसवलेल्या सुमारे हजार माणसांनी होकार दिला होता.