कान्हेरीच्या काळ्या पाषाणावरील दानलेख

जर्सी सिटीचा उंचवटा ज्या कठीण खडकावर उभा आहे, तोच खडक उत्तरेस हडसनकाठी पॅलिसेड्सच्या उंच कड्यांचे रूप घेतो. सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातील तप्त शिलारस थिजून तो घडला. 1913 ते 1916 या काळात बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते याच नदीच्या पैलतीरावर आहे. आपल्या मायभूमीचा पाषाणही अग्निजन्यच. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या उद्रेकांतून दख्खनचे पठार आकारास आले, आणि पुढे त्याच पाषाणात धम्माचा इतिहास कोरला गेला.

मुंबईतील बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीचा डोंगर आहे. कान्हेरी हे नाव 'कृष्णगिरी', म्हणजे काळा डोंगर, यावरून आले. येथे शंभराहून अधिक लेणी असून इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे येथे भिक्खुसंघाचा वास होता. पावसाचे पाणी साठविण्यासाठी खडकात खोदलेली पोढी आजही पाहावयास मिळतात. भव्य चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळातील आहे.

मात्र कान्हेरीचे खरे वैभव तिच्या शिलालेखांत आहे. त्यांत राजांपेक्षा सामान्य दातेच अधिक भेटतात: व्यापारी, भिक्खुणी, उपासक. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे पोढे दान दिले. कोणी 'अक्षयनिवी' ठेवली, म्हणजे मुद्दल कायम राखून व्याजातून भिक्खूंना चीवर मिळावे अशी व्यवस्था केली. नवव्या शतकात गौड देशातून, म्हणजे आजच्या बंगालकडून, आलेल्या अविघ्नाकर या उपासकाने 100 द्रम्म दिले. स्वदेशापासून दूर असलेल्या त्या उपासकाचे नाव शिलेवर टिकून आहे.

आपल्यापैकी अनेक कुटुंबांची नोंद दोन-तीन पिढ्यांपलीकडे सापडत नाही. वतनाच्या कागदांत आपले पूर्वज राबणारे म्हणून आले. दाते म्हणून त्यांना कोणी नोंदविले नाही. कान्हेरीतील दात्यांशी रक्ताचे नाते सांगण्याचा आपला आग्रह नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मदीक्षेने त्यांचा वारसा आपणास लाभला आहे. येथे वाढणारी मुले 'आपण कोण?' असे विचारतात, तेव्हा उत्तरादाखल दाखविता येईल असा हा लेखी पुरावा आहे.

म्हणून मायदेशीच्या पुढील भेटीत नातलगांकडील दिवसांतून एक पूर्ण दिवस आपण कान्हेरीसाठी राखून ठेवू या. चैत्यगृहासमोर छायाचित्र अवश्य घ्यावे. परंतु त्याआधी शिलेवरील एखाद्या दात्याचे नाव, गाव आणि त्याने दिलेले दान मुलांना वाचून दाखवावे. येथील विहारासाठी आपण दरमहा बाजूला काढतो त्या रकमेचा अर्थही त्यांना तेथेच उमगेल.